केरबाचा क्लच सुटत नाही

कोल्हापूरकडच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि त्यांना वाचता येतं. भोळा म्हणजे किती? आई म्हणायची, "केरबा, दुधाकडं बघ." केरबा दुधाकडं बघायचा. दूध उतू जायचं. केरबा बघतच असायचा.

केरबाला एक धाकटी बहीण होती, सुगंधा. तिची दोन स्थळं केरबामुळं मोडली होती. कशी मोडली ते सांगत बसलो तर ही गोष्ट राहून जाईल. आता तिसरं आलं होतं. मुलाचं नाव जालिंदर मोरबाळे. शांत आणि हसरा मुलगा. सुगंधाला तो मनापासून आवडला होता. "हे मोडलं तर मी परत कुणाफुडं पोहे घेऊन जाणार न्हाई," असं तिनं आईला सांगून टाकलं होतं.

तिची हौस एकच होती. वडिलांची, म्हणजे आबांची, जुनी निळी स्कूटर पडवीत उभी होती. आबा गेल्यापासून तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. सुगंधा म्हणाली, "मी सासरी जाणार ती आबांच्या गाडीवर. दादानं चालवायची."

आईनं कपाळाला हात लावला. गाडीमुळं नव्हे, दादामुळं.

केरबानं कोंबड्या उठवल्या आणि गाडी ढकलत दस्तगीर मिस्त्रीकडं नेली. दस्तगीर मिस्त्री गाड्यांचा चांगला जाणकार होता आणि माणसांवर लवकर चिडायचा. त्यानं डावी मूठ दाबली, फिरवली, परत दाबली.

"गियर पडत न्हाई," मिस्त्री म्हणाला.

"मग बरंच हाय की," केरबा म्हणाला. "पडला तर हुडकायचा कुठं?"

मिस्त्रीनं त्याच्याकडं बघितलं आणि विषय सोडला. "क्लच सुटत न्हाई, लेका. केबल ढिली पडलीया. एक ध्यानात ठेव. ढिलं दिसलं की आवळायचं."

त्यानं केबल आवळली आणि एक जुनी पक्कड केरबाला देऊन टाकली. केरबा घोकत घोकत घरी आला. ढिलं दिसलं की आवळायचं. ढिलं दिसलं की आवळायचं.

घरी लग्नाच्या बोलण्यांची बैठक भरली होती. जालिंदरचे वडील, मोरबाळे अण्णा, पुरणपोळ्या दाबून भिंतीला टेकले होते. पोटाला जरा आराम म्हणून त्यांनी धोतराची गाठ सैल केली होती. केरबाला ती दिसली. ढिली.

त्यानं पक्कड काढली.

अण्णा "मुलगी पसंत आहे" म्हणणार होते. त्यातला "मु" तेवढा ऐकू आला. पुढचं पोटात अडकलं. डोळे बाहेर आले. चौघांनी मिळून गाठ सोडवली तेव्हा कुठं अण्णांना श्वास आला. त्या श्वासाबरोबर ते उभे राहिले आणि चपला शोधायला लागले.

जालिंदरनं त्यांना धरून खाली बसवलं. हसू दाबत म्हणाला, "अण्णा, आपुन पोरगी बघाय आलोय. मेव्हणा न्हवं."

बैठक कशीबशी पार पडली. केरबा मात्र खूश होता. पक्कड चांगली चालते, हे त्याला कळलं होतं. पडवीत जाऊन त्यानं क्लचची केबलही आणखी आवळली. मग परत एकदा आवळली.

दुसऱ्या दिवशी गाडी नुसती बोंबलायला लागली. इंजिन ओरडतंय, धूर निघतोय आणि गाडी जागची हलत नाही. केरबा मिस्त्रीकडं गेला. धोतराची बातमी मिस्त्रीकडं आधीच पोचली होती.

"अरं, ते गाडीचं सांगितलं हुतं रं!"

"मग तसं सांगायचं की," केरबा म्हणाला.

मिस्त्रीनं केबल बघितली आणि डोक्यावरची टोपी काढून खाली आपटली. "इतकी आवळलीस तर क्लच घसरणारच. सदा आवळून ठेवायचं नसतं. थोडा खेळ ठेवावा. बोटभर. समजलं?"

"थोडा खेळ ठेवायचा," केरबा म्हणाला. समजलं होतं.

साखरपुड्याला मांडव भरला. सुगंधा पाटावर बसली. अण्णा या वेळी धोतराऐवजी पँट आणि पट्टा घालून आले होते. वर भरजरी फेटा. कुंकू लावायची वेळ झाली आणि मांडवाच्या दारात डमरू वाजलं. केरबा एका माकडवाल्याला घेऊन आत आला.

आई म्हणाली, "ह्ये काय?"

"खेळ ठेवलाय," केरबा म्हणाला. "थोडाच हाय. एकच माकड आणलंय."

माकडाला पाहुण्यांमध्ये अण्णांचा फेटा पसंत पडला. ते फेटा घेऊन मांडवाच्या आढ्यावर चढलं आणि तिथं बसून तो उलगडायला लागलं. अण्णा खाली उभे राहून फेट्याचं टोक ओढत होते. माकड वरून ओढत होतं. बघ्यांचे दोन पक्ष पडले आणि खरं सांगायचं तर माकडाकडं जास्त माणसं होती.

"ही सोयरीक मोडली!" अण्णा ओरडले.

सुगंधा पाटावरून उठली. ताटातलं केळं उचलून तिनं माकडाला दाखवलं. माकड खाली आलं. तिनं फेटा झटकला, नीट घडी घातली आणि अण्णांच्या हातात देऊन पाया पडली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "मामंजी, दादाच्या मनात वाईट नसतंय. त्याच्या डोक्यात शब्द नुसता सरळ जातोय."

मामंजी म्हटल्यावर अण्णांचा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा त्यांनी माकडवाल्यावर काढला.

माकडाच्या नादात केबलला मात्र कुणी खेळ ठेवला नव्हता. तसंच दामटून दामटून क्लचच्या प्लेटा जळाल्या. मिस्त्रीनं गाडी आडवी घातली आणि इंजिनाच्या पोटातून काळ्याकुट्ट चकत्या काढून केरबाच्या नाकाला लावल्या. जळकट वास आला.

"अरं, ते गाडीचं सांगितलं हुतं रं!"

"मग तसं सांगायचं की."

"आता सांगतोय. नव्या प्लेटा कोरड्या बसवल्या तर जळत्यात. आधी रातभर तेलात भिजत घालायच्या. प्लेटा! तेलात!"

एवढं बोलून मिस्त्रीनं नव्या प्लेटा स्वतःच्याच डब्यात भिजत घातल्या, कारण त्याला केरबा ठाऊक होता. पण त्याला केरबा अर्धाच ठाऊक होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड जेवायला आलं. पंगत बसली. आई म्हणाली, "केरबा, प्लेटा आण."

केरबानं आणल्या. तळघरातल्या मोठ्या हंड्यातून काढून आणल्या. गोडेतेलाचा सगळा डबा त्यानं त्यात ओतला होता. चकचकीत दिसत होत्या. कुणाच्याही हातात ठरत नव्हत्या. एकाची प्लेट समोरच्याकडं गेली, समोरच्याची शेजारच्याकडं. भाकरी एका गल्लीत, पिठलं दुसऱ्या गल्लीत. तांबडा रस्सा वाढणाऱ्यानं अण्णांच्या प्लेटीत वाटी ठेवली. प्लेट सुटली. वाटी अण्णांच्या मांडीवर जाऊन थांबली.

रस्सा गरम होता.

अण्णा ताडकन उठले. पंगतीतच नाचले. जालिंदरनं त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला, "अण्णा, उद्याचा एकच दिवस. मग मेव्हणा त्यांच्या घरी, आपुन आपल्या घरी."

बिचारा. त्याला तसं वाटत होतं.

संध्याकाळी गाडी तयार झाली. पण केरबानं बसून क्लच सोडला की ती बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. एकदा, दोनदा, दहादा. मिस्त्री थकला. तो जमिनीवर बसला आणि त्यानं विचार केला की या माणसाला गाडीच्या भाषेत सांगून उपयोग नाही. त्याच्या ओळखीचं काहीतरी सांगावं. उद्या बहिणीचं लग्न आहे, तेच सांगावं.

इथं मिस्त्री चुकला. आयुष्यात एवढा तो कधी चुकला नव्हता.

"हे बघ केरबा. इंजिन म्हंजे नवरा. चाक म्हंजे नवरी. क्लच म्हंजे मधला अंतरपाट. अंतरपाट धरला की दोघं आपापल्या जागी. सोडला की दोघं एक. आलं ध्यानात?"

"आलं."

"पर एकदम सोडायचा न्हाई. डाव्या हातानं हळूहळू सोडायचा आणि त्याच वक्ताला उजव्या हातानं कान पिळायचा. ह्यो अ‍ॅक्सिलेटर म्हंजे कान. आवाज चढला की परत धरायचा, परत हळूहळू सोडायचा. असं चार गियर. आणि थांबायचं असलं तर उजवा पाय दाबायचा. जोरात."

केरबानं सगळं घोकलं. मग गाडीवर बसला, डावा हात हळूहळू सोडला, उजवा पिळला आणि गाडी लोण्यासारखी निघाली. गावाला फेरी मारून आला. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुगंधाच्याही आलं. आबांच्या गाडीचा आवाज तिनं किती दिवसांनी ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त. मंगलाष्टकं सुरू झाली. इकडं जालिंदर हार घेऊन उभा, तिकडं सुगंधा. मध्ये अंतरपाट. एक टोक भटजींच्या हातात, दुसरं त्यांच्या भाच्याच्या. भाच्याला मध्येच शिंका यायला लागल्या. त्यानं टोक शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिलं.

शेजारी केरबा होता. नवरीचा भाऊ म्हणून कानपिळीसाठी, म्हणजे लग्न लागल्यावर नवऱ्याचा कान पिळून मान घ्यायला, त्याला तिथं उभं केलं होतं. टोक त्याच्या डाव्या हातात आलं. उजवीकडं जालिंदरचा कान होता.

मागच्या रांगेत दस्तगीर मिस्त्री उठून उभा राहिला. "अगा बाबौ!" एवढंच तो म्हणाला. पुढं यायला वाट नव्हती.

"शुभमंगल सावधान!" भटजींनी आपलं टोक सोडलं. अक्षता पडल्या. केरबानं मात्र आपलं टोक वर धरलं, दुसरंही गोळा करून घेतलं आणि हळूहळू खाली आणायला लागला. बोटभर, बोटभर. आणि त्याच वेळी उजव्या हातानं जालिंदरचा कान हळूहळू पिळायला लागला.

"आऽऽ!" जालिंदर म्हणाला.

आवाज चढला. केरबानं अंतरपाट परत वर धरला.

"अरं, सोड त्यो!" आई ओरडली.

"सोडतोय. दुसरा गियर." पाट खाली, कान वर.

"आऽऽऽ!" परत आवाज चढला. बँडवाल्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनीही वाजवायला घेतलं. आवाज आणखीच चढला. पाट वर. तिसरा गियर. पाट खाली. सुगंधाला नवऱ्याचं कधी कपाळ दिसत होतं, कधी काहीच नाही. कान मात्र तिला लांबूनही दिसत होता, इतका लाल झाला होता.

"थांब! थांब!" अण्णा किंचाळले.

थांबायचं असलं तर उजवा पाय. जोरात. केरबानं दाबला. खाली जालिंदरचा पाय होता.

शेवटी सुगंधानंच अंतरपाट ओढून भटजींकडं फेकला आणि एका पायावर नाचणाऱ्या नवऱ्याच्या गळ्यात नेम धरून हार घातला. मागच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं विचारत होती, "लागलं का? लागलं का?"

जालिंदर कान धरून म्हणाला, "लागलं. लई लागलं."

आणि हसला. तो हसला म्हणून सुगंधा हसली, आणि या माणसाबरोबर आपला संसार होणार याची तिला त्या क्षणी पक्की खात्री पटली. अण्णा हसले नाहीत.

भटजी तर लालबुंद झाले होते. "अरे, अंतरपाट हळूहळू सोडतात का? सावधान झालं की एकदम सोडायचा! झटक्यात! हे घे तुझं फडकं, गुंडाळ डोक्याला!"

केरबानं ते घेतलं आणि डोक्याला गुंडाळलं.

पाठवणी झाली. आई सुगंधाला मिठीत घेऊन रडत सांगत होती, "सासरी मान खाली घालून जा. कोण काय सांगंल ते कर. उलट बोलू नगंस." केरबा शेजारीच उभा होता. तोही रडत होता आणि मान हलवत होता.

मग गाडी आणली. पुढं केरबा, मागं जालिंदर, त्याच्या मागं सुगंधा. वऱ्हाडाचा टेम्पो नंतर निघणार होता. मिस्त्रीनं कळवळून सांगितलं, "क्लच नीट सोड. आणि चालवताना मागं बघायचं न्हाई, फुडं बघायचं."

केरबा आता शहाणा झाला होता. हळूहळू सोडल्यावर काय होतं ते त्यानं मांडवात बघितलं होतं.

"सावधान!" तो ओरडला आणि क्लच झटक्यात सोडला.

गाडीचं पुढचं चाक आभाळाकडं गेलं. नवरा-नवरी मागच्या मागं कडब्याच्या गंजीत गेली. केरबा पुढं गेला. मागं बघायचं नव्हतं, म्हणून बघितलं नाही.

वाटेत तो बहिणीशी बोलत होता. "सुगंधा, नीट बसलीस न्हवं? रडू नगंस. आबा असते तर त्येंनीच सोडलं असतं तुला. मी हाय की." मागून उत्तर येत नव्हतं. ती रडत असणार म्हणून केरबालाही रडू येत होतं. धुळीनं आणि पाण्यानं तोंड भरलं. त्यानं डोक्यावरचं फडकं पुढं ओढून घेतलं.

जालिंदरची आई, आनसाबाई, लग्नाला आली नव्हती. त्यांच्यात नवऱ्याची आई घरीच थांबायची. दारात ती औक्षणाचं ताट आणि भाकरतुकडा घेऊन वाट बघत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला निळी गाडी दिसली आणि तिच्यावर डोकं झाकलेलं माणूस दिसलं.

"आली गं माझी सून!" आनसाबाई म्हणाली. "वाजवा!"

वाजंत्री वाजायला लागली. केरबा उतरला. मान खाली घातली. कोण काय सांगेल ते करायचं होतं.

आनसाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायावर पाणी घातलं. कुंकू लावलं. हाताला मिशी लागली.

मागून तिची एक जाऊ कुजबुजली, "आक्का, सुनंला मिशा हायत्या."

"असू देत," आनसाबाई म्हणाली. "रूपात काय हाय? गुण बघावं. चल बाई, उजव्या पायानं माप ढकल."

उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप होतं. उजव्या पायानं केरबाला दोनच कामं यायची आणि इथं थांबायचं नव्हतं. त्यानं किक मारली. माप आत जाऊन वाजंत्र्यांच्या ढोलात बसलं. तांदूळ शेजारच्या आळीपर्यंत गेला.

"जोर हाय पोरीत," आनसाबाई म्हणाली. "आता नाव घे. नाव घेतल्याबिगर आत सोडणार न्हाई."

केरबानं क्षणभर विचार केला. मग खाली मान घालून म्हणाला,

"डाव्या हातात क्लच, उजव्या हातात कान,
जालिंदररावांचं नाव घेतो, स्कूटरला द्या मान!"

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. जालिंदरची थोरली बहीण पोट धरून पुढं आली. तिनं केरबाला ओळखलं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. कसाबसा फुटला. "आता दार तुमीच धरा, पावणं. नवरा येईल. आत सोडायचं न्हाई. नाव घेतलं की सोडा."

केरबा आत गेला. अडसर लावला. दाराला पाठ टेकून उभा राहिला.

दिवेलागणीला टेम्पो आला. त्यातून मिस्त्री उतरला, अण्णा उतरले, लंगडत जालिंदर उतरला. त्याच्यामागून केसांत कडबा घेऊन सुगंधा उतरली. जालिंदरनं स्वतःच्या घराचं दार ढकललं. दार हललं नाही.

"नाव घ्या," आतून आवाज आला.

जालिंदर आभाळाकडं तोंड करून ओरडला, "केरबाऽऽऽ!"

"माझं न्हवं. सुगंधाचं."

जालिंदरनं सुगंधाचं नाव घेतलं. साधं घेतलं, मग यमक जुळवून घेतलं. अण्णांनी केरबाच्या सगळ्या खानदानाचं नाव घेतलं. आत केरबानं अडसराला हात घातला आणि थांबला. हळूहळू सोडलं तेव्हा सगळे ओरडले होते. एकदम सोडलं त्याचं काय झालं, ते त्याला आत्ता फटीतून बहिणीच्या केसांत दिसत होतं. दोन्ही करून बघितलं होतं. तो शहाणा झाला होता.

म्हणून या खेपेला त्यानं सोडलंच नाही.

सुगंधा अंगणातल्या निळ्या गाडीवर जाऊन बसली. शेजारी जालिंदर टेकला. मी आबांच्या गाडीवरच सासरी आले, असं ती अजून सगळ्यांना सांगते, फक्त गाडी जरा आधी पोचली. आतून केरबा ओरडून विचारत होता, "सुगंधा, सुखरूप पोचलीस न्हवं?" ती हसत होती, रडत होती आणि नवऱ्याच्या कानाला कडब्याच्या पात्यानं वारा घालत होती.

अण्णा दारावर डोकं टेकून उभे होते. "मिस्त्री," ते खोल आवाजात म्हणाले, "तुमी जाणकार. बघा काय झालंय ते."

दस्तगीर मिस्त्रीनं दाराला कान लावला. दार दाबलं, हलवलं, परत दाबलं. मग टोपी काढून हातात घेतली.

"क्लच सुटत न्हाई," तो म्हणाला.